खिडकीतला पेला

गल्लीत त्यांना सगळे दातवाले म्हणत. ते काही डॉक्टर नव्हते. दवाखान्यांतून आलेल्या साच्यांवरून कवळ्या बनवायचे. कामाच्या खोलीत फळीवर गुलाबी जबडे ओळीने हसत बसलेले. "या घरात माणसांपेक्षा दात जास्त," असं बायको म्हणायची. ती गेली, पण तिची कवळी त्यांच्याने टाकवेना. स्वयंपाकघराच्या खिडकीत, काचेच्या पेल्यात ती पाण्यात बुडून राहिली. रोज सकाळी ते पाणी बदलत. घरात आता धाकटी बहीण होती आणि बायकोची लाडकी मांजर ठमी.

एका दुपारी ठमी खिडकीतून उतरली ती मान वाकडी करून. तोंडातून लाळेची तार लोंबत होती. बघता बघता तिची छाती भिजली. पंजाने तोंड पुसता पुसता मधेच ती थांबे आणि बायकोच्या रिकाम्या खुर्चीकडे टक लावून बघे.

"अगं, हिला काय झालं?"

"वहिनी ओरडली असेल," बहीण म्हणाली. भाजी चिरताना तिने मानही वर केली नाही.

दातवाल्यांनी एकदा त्या खुर्चीकडे पाहिलं. ठमीला टोपलीत घालून त्यांनी जनावरांचा दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंनी ठमीचं तोंड उघडून पाहिलं. "अचानक एवढी लाळ म्हणजे काहीतरी अडकलंय, दात दुखतोय, मळमळतंय, नाहीतर भलतंच काही चाटलंय. जिभेखाली दोरा नाही, दातही ठीक आहेत. पण जीभ पोळल्यासारखी लाल झालीय. हिने काय चाटलं ते घरी जाऊन बघा आणि मला लगेच कळवा. हिला इथेच राहू दे."

घरी येऊन पाहिलं तर कामाच्या खोलीला कुलूप होतं, म्हणजे तिथलं काही ठमीने चाटलेलं नव्हतं. मग त्यांची नजर खिडकीकडे गेली. पेल्यातलं पाणी निळसर झालं होतं, कडेला बुडबुडे चिकटलेले. सकाळी त्यांनी साधं पाणी घातलं होतं. कवळी धुण्याच्या गोळ्या तर बायको गेल्यापासून कपाटात पडून होत्या.

"दादा, हात लावू नकोस हं," मागून बहिणीचा आवाज आला. "वहिनीला बाहेर जायचंय, दात स्वच्छ हवेत म्हणाली. मीच गोळी टाकली."

"कधी म्हणाली?"

"सकाळी. तू पाणी बदलत होतास ना, तुझ्या मागेच तर उभी होती."

त्यांनी वळून पाहिलं. भिंत होती, नुसती भिंत.

फोनवर गोळीचं कळताच डॉक्टरीणबाईंनी औषध बदललं. ठमी वाचली, दुसऱ्या दिवशी तिने मऊ भात चाटूनपुसून खाल्ला. बहिणीलाही मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. विसरण्याचा आजार, हळूहळू वाढणार, असं ते म्हणाले. दातवाल्यांनी कवळी फडक्यात गुंडाळून आत ठेवली आणि कामाचं टेबल बाहेरच्या खोलीत आणलं, बहीण डोळ्यांसमोर राहावी म्हणून.

ती दिवसभर कुणाशी तरी बोलत असते. आधी ते समजवायचे, "तिथे कुणी नाही गं." आता समजवत नाहीत. परवा एका कवळीवर कानस घासता घासता त्यांनी हळूच विचारलं, "काय म्हणते ती?"

बहिणीने ऐकल्यासारखं केलं, मग हसली. "म्हणते, तुझ्या दादालाच सांगेन."