बरबटीची बेरीज

धम्मशीलाच्या अंगणवाडीत पोरं अंक शिकायची ती बरबटीच्या दाण्यांवर. बरबटी म्हणजे पुण्याकडची चवळी. दाणा तोच, मान तेवढा वेगळा. धामणगाव बढ्याच्या बाजूचं हे गाव. सरकारी मण्यांची पाटी कधीच मोडली होती, म्हणून तिनं पोरांना घरून मूठ-मूठ बरबटी आणायला लावली आणि सगळी एका डब्यात भरली. एकाच्या हातात तीन दाणे, दुसऱ्याच्या हातात दोन, आणि दोघांनी ते एका ताटलीत ओतायचे. "मिळवा रे!" असं ती ओरडली की पोरं कालवा करत मोजायची. एका कार्ट्यानं दाणा नाकात घातला तेव्हा त्याच्या आईनं भांडण काढलं, तेवढंच. बाकी शिकवणं झकास चाललं होतं.

मग एक दिवस किसनरावांची आशाबाई आली. गावातली सगळ्यात मोठी शेती त्यांची, आणि नात पुष्पांजली ह्याच अंगणवाडीत. आशाबाई उंबऱ्याबाहेरच थांबली.

"धम्मशीले, आमच्या पुष्पीचे दाणे त्याईच्यात मिसळू नोको. अल्लग ठेव."

"काऊन हो काकू? मिळवल्याबिगर बेरीज कशी होईन?"

"घरचं बियाणं हाये आमचं."

घरचं बियाणं म्हणे! मूठभर बरबटीचं कोणतं सोनं उगवणार होतं हिच्या वावरात? डब्यात महामायाच्या घरचे दाणे होते, प्रसेनजितच्या घरचे होते, सगळ्या बौद्ध वस्तीतले होते, आणि धम्मशीलाही त्याच वस्तीतली. हे आता कोणी तोंडानं बोलत नाही. कायदा सगळ्यांना कळतो. पोटातलं मात्र पोटात जपून ठेवतात.

धम्मशीलाच्या अंगाचा तिळपापड झाला. पण तिला गाव ठाऊक होतं. किसनरावांची नात उठली की त्या आळीतली सगळी पोरं उठणार, अंगणवाडी ओस पडणार आणि वर जबाब तिलाच द्यावा लागणार. तिनं पुष्पीचे दाणे फडक्यात बांधून कोनाड्यात ठेवले.

पुष्पी आणि महामाया जिवाच्या मैत्रिणी. "मिळवा रे" म्हटलं की पुष्पी आपले दाणे घेऊन महामायाच्या ताटलीकडं धावायची. धम्मशीलानं तिचा हात धरला. "तू नाही बाळा. तुहे मिळवायचे नसतात." पोर रडली. थोडे दिवस रोज रडली, मग शहाणी झाली. आग लागो असल्या शहाणपणाला!

दिवाळीनंतर सुपरवायझर मॅडम भेटीला आल्या, तशी आशाबाई नातीला पुढं घालून हजर.

"पाहा मॅडम, अंक घडाघडा म्हणते पोट्टी, पण बेरीज कशी ते येत नाही. हे बाई शिकवून काय राह्यली मंग? मानधन तं बरोबर घेते!"

धम्मशीलाच्या डोक्यात तिडीक गेली. चोराच्या उलट्या बोंबा! आज सांगायचंच, मॅडमसमोर, सगळं. नोकरी गेली तरी बेहत्तर.

"मॅडम, मले बोलू द्या..."

"थांबा बाई, आधी पोरीला विचारू." मॅडमनी पुष्पीच्या हातात तीन दाणे दिले, महामायाच्या हातात दोन. "सांग बाळा, दोघींचे मिळून किती?"

पुष्पीनं मूठ गच्च आवळली आणि पाठीमागं नेली. "माहे तीन हायेत. तिचे दोन."

"हो, पण मिळवले तर?"

"मिळवायचे नसतात."

मॅडमना हसू आलं. "अगं, असं कोणी सांगितलं तुला?"

आशाबाईचं तोंड उतरलं. धम्मशीलानं तिच्याकडं रोखून पाहिलं. निघू दे, पोरीच्याच तोंडून निघू दे. माझ्यापेक्षा तिचं ऐकतील.

पुष्पीनं मोकळ्या हाताचं बोट सरळ धम्मशीलाकडं केलं.

"बाईनं सांगतलं."

"ऐका मॅडम!" आशाबाई म्हणाली. तिचा जीव भांड्यात पडला होता.

"असं सांगितलंत तुम्ही?" मॅडमनी विचारलं.

पोर खोटं बोलत नव्हती. धम्मशीला मान खाली घालून म्हणाली, "हाव."