पॉइंटनंतरचं शून्य

माझं ते पोस्टिंग बर्फातल्या एका बेसवर होतं. ट्रेड रेडिओ मेकॅनिक, रँक हवालदार. सकाळी सहाला हजेरीचं फॉल-इन, सातला सगळ्या रेडिओ सेटची तपासणी, साडेसातला चहा. वर, चार तासांच्या चढावर, आमची पोस्ट होती. तिथला सेट बिघडला की मी फील्ड टेलिफोनवरून दुरुस्ती सांगायची.

पोस्टवर नाईक गिरीश मोहिते होता. माझ्यासारखाच बडोद्याचा मराठी. तो प्रतापनगरचा, मी मांजलपूरचा. टेलिफोनवर आमचं "केम छो? मजामां?" सुरू झालं की बाकीचे हसायचे. पोरगं भारी खोडकर. "हवालदारसाहेब, इथे थंडी अशी आहे की तुमचे विनोदसुद्धा गोठतात," म्हणायचा.

एके दिवशी सव्वादहाला तो चार जवानांना घेऊन पोस्टवरून पेट्रोलला, म्हणजे गस्तीला, निघाला. बाराच्या सुमारास ते एका नाल्यात उतरणार होते. दहा पन्नासला बेसवर हिमस्खलनाचा इशारा आला. पेट्रोलला मागे बोलवायचं होतं. बेस आणि नाल्याच्या मध्ये डोंगर, आमचा रेडिओ तिथे पोहोचत नसे. पोस्टचा पोहोचे, आणि तोच नेमका मुका झाला होता.

टेलिफोनवर पोस्टचा ऑपरेटर बलबीर होता. त्याने तपासून सांगितलं, एक कॉइल जळली आहे. स्पेअरचा डबा त्याच्यापाशी होता. कोणती बसवायची ते मी सांगायचं.

कॉइलचं इंडक्टन्स हेन्रीत मोजतात. पण रेडिओतल्या इवल्याशा कॉइलला हेन्री लावणं म्हणजे मुंगी धान्याच्या काट्यावर तोलणं. म्हणून हेन्रीचा दहा लाखावा भाग तो मायक्रो, आणि मायक्रोचा हजारावा भाग तो नॅनो. माझ्या शीटवर आकडा नॅनोत होता, सत्तेचाळीस. डब्यातल्या पाकिटांवर मायक्रो छापलेलं. हजाराने भागायचं, बस्स. शाळेतलं गणित हो!

"पॉइंट फोर सेव्हन मायक्रो लगा," मी म्हणालो.

"पॉइंट फोर सेव्हन. कन्फर्म?"

"कन्फर्म."

खरा आकडा होता पॉइंट झीरो फोर सेव्हन. एक शून्य मी गिळलं. बलबीरने नियमाप्रमाणे माझे शब्द मलाच परत ऐकवले, आणि मी माझ्याच चुकीवर शिक्का मारला.

अकरा पाचला कॉइल बसली. कॉइल दहापट मोठी, त्यामुळे आवाज काही पेट्रोलपर्यंत जाईना. मी अँटेना तपासायला लावला, मग केबल, मग बॅटरी. बलबीरवर खेकसलोसुद्धा. अकरा चाळीसला शीट पुन्हा समोर ओढलं, पेन्सिलीने तोच आकडा सगळ्या शून्यांसकट हेन्रीत लिहिला, आणि गिळलेलं शून्य दिसलं. "पॉइंट झीरो फोर सेव्हन लगा!" मी टेलिफोनवर ओरडलो.

अकरा पन्नासला बलबीर म्हणाला, "मेसेज पास्ड, साहब. पेट्रोल वापस मुड़ रहा है."

ते वेळेआधीच नाल्यात उतरले होते. पाच मिनिटांनी वरचा बर्फाचा कडा सुटला. चौघे बाहेर पडले. गिरीश पेट्रोल कमांडर, सगळ्यांना पुढे घालून शेवटी निघाला होता.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मी माझी चूक सांगितली. निष्कर्षात हिमस्खलन आलं, कॉइल आली नाही. शिक्षा झाली असती तर बरं वाटलं असतं, खरंच सांगतो.

आता मी बडोद्यात एका कॉइलच्या कारखान्यात तपासणी करतो. माझ्या टेबलावर एकच नियम आहे. एकाने नॅनोत आकडा सांगितला की दुसऱ्याने तो मायक्रोत करून परत सांगायचा. नुसतं पोपटासारखं म्हणायचं नाही. "काका, फोनमां नाखो ने, तरत आवी जाय," शेजारचा जिग्नेश चिडवतो, फोनमध्ये टाका की, लगेच उत्तर येईल. मी म्हणतो, बाबा रे, फोन माझं ऐकतो, पण उलटून विचारत नाही.

गिरीशची आई, सुमनकाकू, एकट्या असतात. दर मंगळवारी मी त्यांना खंडेराव मार्केटला नेतो, पिशवी धरतो. कॉइलचं त्यांना ठाऊक नव्हतं. त्या "तू आहेस म्हणून रे" म्हणायच्या आणि मी भाजीचे भाव विचारत सुटायचो. दिवाळीनंतरच्या मंगळवारी, मार्केटच्या पायऱ्यांवर, मी सगळं सांगून टाकलं. कारखान्यातून आणलेल्या तशाच दोन कॉइल, एक चुकीच्या आकड्याची, एक बरोबर, खिशातून काढून त्यांच्या तळहातावर ठेवल्या.

"मला तर दोन्ही सारख्याच दिसतात," त्या म्हणाल्या. मग कॉइल परत देत, "तू बरोबर सांगितलं असतंस, तर तेव्हा तो कुठे असता?"

"पोस्टवर, काकू. चहा घेत असता."

त्यांनी माझ्या हातातली पिशवी काढून घेतली आणि एकट्या रिक्षात बसल्या. पुढचे दोन मंगळवार मी फोनकडे बघत घरी बसून काढले. माझी हिंमत झाली नाही.

तिसऱ्या मंगळवारी सकाळी नऊला त्यांचा फोन आला.

"येतोस ना? बाजारात वालपापडी आली असेल. गिरीशला आवडायची."

मी वेळ विचारली. त्या म्हणाल्या, दहा. मी म्हणालो, सहाशे मिनिटं, मध्यरात्रीपासून. पलीकडे त्यांनी पुटपुटत दहाला साठाने गुणलं.

"बरोबर," काकू म्हणाल्या. "ये आता."