मेधाचा नेम

काल शेजाऱ्यांनी फटाके उडवले. त्या जळक्या दारूच्या वासाने मला वीस वर्षांपूर्वीच्या एका रविवारी नेऊन सोडलं.

इंग्लंडमध्ये मिल्टन कीन्स गावाबाहेरच्या शूटिंग ग्राउंडवर मी आणि माझी बायको मेधा पहिल्यांदाच गेलो होतो. शॉटगन शिकायची हौस माझी. ती नुसती सोबतीला आली होती. तिथे गोऱ्यांत आपल्याला कोण विचारणार, ही माझी भीती खोटी ठरली. रॉय नावाच्या म्हाताऱ्या इन्स्ट्रक्टरने दारातच चहा दिला आणि क्लबची लीव्हर-ॲक्शन बंदूक दाखवली. खालचा दांडा पुढे ढकलून मागे ओढला, की रिकामं काडतूस बाहेर उडायचं आणि नवं आत जायचं.

माझ्या बारांनी नेमासाठी हवेत उडवलेली एकही मातीची तबकडी फुटली नाही. "सगळ्यांचं असंच होतं," रॉय हसून म्हणाला.

मग त्याने मेधालाही आग्रह केला. तिची तिसरी तबकडी फुटली, मग चौथीही. पुढच्या मी मोजल्या नाहीत. लोक टाळ्या वाजवू लागले. "पुढच्या रविवारी नक्की या!" रॉय तिला म्हणाला, मला नाही.

मेधा वळली. तिचा गाल बंदुकीच्या दस्त्याच्या धक्क्याने लाल झाला होता. "पाहिलंस?"

मी तिच्याकडे न बघता कोटाची बटणं लावू लागलो. "थंडी वाजतेय, निघू या," मी म्हणालो. गाडीत म्हणालो, "दर रविवारी नाही जमायचं मला."

"तू नाहीस तर मीही नाही," ती म्हणाली आणि मला केवढं हायसं वाटलं! आज त्याचीच लाज वाटते.

"ते शूटिंग ग्राउंड आठवतं?" मी काल विचारलं.

"हो," मेधा खिडकीबाहेर बघत म्हणाली. "सहा फोडल्या होत्या मी."