अर्धे वाक्य लिहून थांबणारा

संगणकावर शोधाच्या चौकटीत तो अर्धेच वाक्य लिहायचा आणि उजव्या हाताचे बोट कळफलकापासून वीतभर उंच धरून ठेवायचा. "थांबा काका," म्हणायचा, "लोकांना बोलू द्या." मग चौकटीखाली एकेक ओळ उमटू लागे. त्याने लिहिलेले असे 'मोसंबीची फळे' एवढेच. खाली लोक बोलत. मोसंबीची फळे का गळतात. मोसंबीची फळे पिवळी का पडतात. मोसंबीची फळे चोरीला गेल्यास तक्रार कुठे करावी. चोरीची ओळ वाचून तो एकटाच हसे. पहिल्या ओळीवर त्याचा भरवसा नसे. "पहिली वळ सगळ्यांची असती. अजून खाली बघा," हे त्याचे दुसरे ठरलेले वाक्य.

त्याचे नाव मी येथे लिहिणार नाही. आमच्या तालुक्यात ते पुष्कळांचे घेऊन झाले आहे आणि बहुतेकांनी खोट्या वाक्यात घेतले आहे. त्याचा चुलतभाऊ विहिरीत गुदमरून मेला. त्या वेळी हा काठावर होता. एवढे सर्वांना मान्य आहे. यापुढे मात्र ज्याला जे सुचेल ते तो सांगतो. कोणी म्हणतो, हा काठावर उभा राहून मोबाईलवर चित्रीकरण करीत होता. कोणी म्हणतो, याने दोर कापला. शहरात बसणारे काही जण त्याला शूर ठरवून मोकळे होतात. मी तेथे नव्हतो, हे मला पुनःपुन्हा ऐकवले जाते. मान्य. पण हे ऐकवणाऱ्यांपैकीही कोणी तेथे नव्हते. जो होता आणि ज्याला याने धरून ठेवले, त्याच्या तोंडून मी सर्व ऐकले आहे. ते शेवटी सांगेन.

आधी आमची ओळख कशी झाली ते सांगतो. जालन्याच्या एका दैनिकात मी आयुष्यभर जिल्ह्याचे पान पाहिले. निवृत्तीनंतर अंबडला घरी बसलो, तेव्हा बसस्थानकाजवळ बियाण्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत एक संकेतस्थळ चालते असे कळले. शेती, घर, कागदपत्रे यांविषयी लोकांना पडणाऱ्या प्रश्नांची उत्तरे ते मराठीत देत. तेथील मजकुराची भाषा तपासण्यासाठी मालकांनी मला बोलावले. विषय शोधून लेख लिहिण्याचे काम याचे होते. शहागडच्या अलीकडच्या एका गावातून तो रोज बसने येई. वय पस्तिशीचे, अंगाने बारीक, शर्टाचा खिसा पेनांनी लोंबलेला. लेख कशावर लिहावा हे संपादकाने ठरवायचे, अशा संस्कारात मी वाढलो. तो म्हणे, "आपण कोण ठरवणारे? त्यांनी विचारलंय ते लिहू." या मुद्द्यावर आम्ही पहिल्याच आठवड्यात कडाक्याचे भांडलो. ते भांडण अखेरपर्यंत मिटले नाही आणि आमच्या स्नेहाला त्याची कधी अडचणही झाली नाही.

अर्धे वाक्य सोडून देण्याची खोड त्याच्या बोलण्यातही उतरली होती. खाली चहाच्या गाड्यावर जाऊन तो म्हणे, "मामा, आज चहा..." आणि बोट वर. गाडीवाला बिचारा स्वतःच कबूल करी, "पातळ झाला रे, दूध कमी आल्तं." एकदा त्याने माझ्यावरही हा प्रयोग केला.

"काका, तुमचा स्वभाव..."

"सरळ आहे," मी म्हणालो.

"अजून खाली बघा," तो म्हणाला. गाडीवाला मामा इतका हसला की त्याच्या हातातली गाळणी खाली पडली.

तुम्हीही अशी माणसे पाहिली असतील. आपले बोलणे आवरते घेऊन ती समोरच्याला बोलते करतात. त्यांना सगळे चतुर म्हणतात. मला तो चतुर कधीच वाटला नाही. लोकांनी त्या चौकटीत काय काय विचारलेले असे, हे तुम्ही वाचायला हवे होते. म्हैस रात्रभर का ओरडते. मुलीचे नाव सातबारावर कसे लावावे. बायको माहेरून परत येत नसल्यास काय करावे. हे शेवटचे वाचून मी हसलो, तेव्हा तो हसला नाही. म्हणाला, "ज्यानं हे लिहिलंय ना काका, त्याला विचारायला घरात कुणीच न्हाई." त्या प्रश्नावर त्याने खरोखर लेख लिहिला, आणि तो चांगला होता. मी त्यातला एक शब्दही बदलला नाही.

विहिरीची गोष्ट उन्हाळ्याच्या तोंडावर सुरू झाली. 'विहिरीतला गाळ' एवढे लिहून तो थांबला. खाली खर्चाच्या आणि यंत्रांच्या ओळी आल्या. तो खाली खाली जात राहिला आणि कधी नव्हे तो बोट खाली टेकवून बसला. शेजारच्या तालुक्यात गाळ काढताना एकाच घरातले दोघे गेल्याची चार ओळींची बातमी त्याने वाचली होती.

"एकाच घरातले दोघं कसे मेले, हे कुणी विचारूनच न्हाई राह्यलं," तो म्हणाला.

तो ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांकडे गेला, जालन्याला अग्निशमन दलातल्या एका जवानाला भेटला आणि मग लिहायला बसला. पाणी उपसण्यासाठी लोक डिझेलचे इंजिन विहिरीच्या आत सोडतात. त्याचा धूर तळाशी कोंडतो. इंजिन बंद पडले, धूर दिसेनासा झाला, तरी विष तेथेच असते. आमच्याकडे उतरण्यापूर्वी कंदील सोडून पाहण्याची जुनी रीत आहे. कंदील तेवत राहिला तर हवा चांगली समजायची. त्याने लिहिले होते : 'कंदील तेवत राहिला तरी उतरू नका. इंजिनाच्या धुरातले विष कंदिलाला कळत नाही. खाली कोणी पडला असेल तर त्याच्या मागे उतरू नका, तो तुमचा कोणी का असेना.' शेवटचे चार-पाच शब्द मला अनावश्यक वाटले आणि मी त्यांवर रेघ मारली. त्याने माझा हात धरला. "ते राहू द्या काका. तेवढंच वाचायला पायजे."

लेख मालकांकडे गेला. मालक वाईट गृहस्थ नव्हेत, पण ते आकड्यांपलीकडे पाहत नसत. हा प्रश्न महिन्यात किती जण विचारतात ते दाखवा, असे त्यांनी सांगितले. जवळजवळ कोणीच विचारीत नव्हते. "जे कुणी विचारीतच नाही त्याचं उत्तर देऊन आपण काय करायचं? हा तुझाच नियम ना?"

"सर, विचारायची पाळी ज्याच्यावर येती तो खाली असतो," तो म्हणाला. "मंग विचारंल कोण?"

मालकांनी लेख बाजूला ठेवला. त्याने मात्र तो सोडला नाही. गावी जाऊन चुलत्याच्या अंगणात त्याने तो वाचून दाखवला, कारण त्यांच्याच विहिरीत दरवर्षी इंजिन उतरत असे. धाकटा चुलतभाऊ हसला. याच्या बरोबरीने वाढलेला, दोघे पोहायला एकाच विहिरीत शिकलेले. तो म्हणाला, "इंजिन बंद झाल्यावर धूर काय तिथं बसून राहतो का, तुझी वाट बघत?" याने ते मला हसतहसतच सांगितले होते.

पुढे जे झाले ते सुटीच्या दिवशी झाले, म्हणून तो गावी होता. विहिरीतले इंजिन बंद पडले. धाकटा ते पाहायला दोराने उतरला, दोन हाका दिल्या आणि गप्प झाला. वरून तो तळाशी कुशीवर पडलेला दिसत होता. काठावर चुलता, थोरला चुलतभाऊ, शेजारचा एक शेतकरी आणि हा, असे चौघे. याने प्रथम अग्निशमन दलाला फोन लावला. मोबाईल हातात होता तो यासाठी. तोवर म्हाताऱ्या चुलत्याने कंदील सोडला. तळाशी कंदील व्यवस्थित तेवत होता. "हवा हाय खाली," चुलता म्हणाला, आणि थोरल्याने दोर धरला.

याने त्याला मागून मिठी मारली. थोरला अंगाने याच्या दुप्पट. त्याने सोडवून घेण्यासाठी याच्या मनगटाच्या वर कडकडून चावा घेतला. याने मिठी सोडली नाही. दोघेही पडले, तेव्हा याने दोर वर ओढून घेतला, त्याचे वेटोळे पोटाखाली घेतले आणि त्यावर पालथा पडून राहिला. दोर कापला, असे जे सांगतात, त्यांनी तो दोर जाऊन पाहावा. तो अजून त्या घरी खुंटीला आहे, अखंड आहे. चुलता याच्या पाठीवर काठी मारीत होता. पडल्यापडल्या याने शेजाऱ्याला बादल्या काढायचा गळ आणायला सांगितला. त्या गळाने धाकट्याचा सदरा एकदा धरलाही. माणूस हातभर वर आला, आणि सदरा फाटला.

प्राणवायूचा मुखवटा लावलेला जवान खाली उतरला तेव्हा फार उशीर झाला होता. कोणी लगेच उतरले असते तर तो वाचला असता की नाही, हे कोणालाच ठाऊक नाही. मलाही नाही. उतरणारा मात्र वर आला नसता, आणि त्याला आणायला दुसरा उतरला असता. ज्यांना हे पटत नाही त्यांच्याशी मी आजवर भांडलो आहे आणि पुढेही भांडेन.

दहाव्याला मी गोदावरीच्या काठी गेलो होतो. विधी आटोपल्यावर पुरुष मंडळी एका झाडाखाली बसली. हा लांब बसला होता, मनगटावर फडके बांधून. कोणी त्याच्याशी बोलत नव्हते. त्याला त्या घरात पुन्हा पाय ठेवता येणार की नाही, एवढाच प्रश्न तेथे होता, आणि तो प्रत्येकाला कळत होता. तो उठून चुलत्यासमोर उभा राहिला.

"नाना, मी त्या दिवशी दोर दिला असता..."

आणि थांबला. तेथेही त्याने आपली खोड दाखवली, असे पुढे काहींनी सांगितले. ते खोटे आहे. त्याच्यापासून चार हातांवर मी होतो. त्याचे बोट वर नव्हते. मनगटावरचे फडके त्याने दुसऱ्या हाताने घट्ट धरले होते. पण वाक्य अर्धे राहिले, आणि चुलत्याने ते पूर्ण केले.

"तर माझं लेकरू वर आलं असतं."

तो उभाच राहिला. याच्या खाली दुसरी ओळ येईल, असे त्याला वाटत असावे. थोरला मान खाली घालून जमिनीवर काडीने रेघा ओढीत होता. तेव्हा मी उठलो आणि त्याच्याकडून ऐकलेले कंदिलाचे, धुराचे, गळाचे, सगळे मोठ्या आवाजात सांगू लागलो. चुलता म्हणाला, "तुम्ही पाव्हणे. बसा." कोणीतरी माझ्या हातात चहाचा कप दिला. तो चहा मी जमिनीवर ओतला.

त्यानंतर तो कामावर आला तो मालकांनी बोलावले म्हणून. बातमी पसरली होती आणि लोक आता विचारू लागले होते. 'विहिरीत' एवढे लिहिले तरी खाली ओळींची रांग लागे. बाजूला ठेवलेला लेख मालकांनी काढला, त्यावर विहिरीचे छायाचित्र लावले आणि मथळा दिला : 'भावाला डोळ्यांदेखत गमावलेल्या लेखकाचा सल्ला'. आता घडलेला प्रसंगही त्याने स्वतःच्या शब्दांत लिहून द्यावा, असे त्यांनी सुचवले. बोलणे मऊ होते. मला ते अधिक टोचले.

"लेख राहू द्या, सर," तो म्हणाला. "माझं नाव अन् तो मथळा तेवढा काढा."

"अरे, आता लोक विचारतायत. तूच म्हणायचास ना, लोकांना बोलू द्या?"

त्याने जेवणाचा डबा पिशवीत घातला, खिशातली पेने काढून टेबलावर ठेवली आणि जिना उतरला. त्या दिवशी मीही ते काम सोडले. वयामुळे सोडले, असे मालक सांगतात. तेही खोटे आहे.

तो जिल्हा सोडून गेला त्या सकाळी मी बसस्थानकावर होतो. फडके निघाले होते. मनगटाच्या वर दातांची अर्धी कड स्पष्ट उमटलेली होती, निळसर. कोठे जातोस, असे मी विचारले नाही. त्यानेही सांगितले नाही. बस लागली. पायरीवर एक पाय ठेवून तो मागे वळला.

"काका, मी त्या दिवशी थोरल्याला सोडलं असतं..."

या वेळी त्याने बोट वर धरले होते.

"तर त्या घरात आज रडायलाही कोणी राहिले नसते," मी म्हणालो.

तो थांबला. आणखी काही येईल म्हणून तो माझ्या तोंडाकडे पाहत राहिला.

"एकच?" तो म्हणाला. वाहकाने घंटी दिली आणि तो आत गेला.

त्याचा फोन लागत नाही. पावसाळा संपता संपता थोरला चुलतभाऊ माझ्या घरी आला. मंठ्याला कामाला जातो असे घरी सांगून निघाला होता. ओसरीवर बसून त्याने मला ती सारी हकीकत सांगितली. मिठी, चावा, दोर, गळ, फाटलेला सदरा. आपल्या बापासमोर हे सांगण्याची त्याची छाती नव्हती आणि अजूनही नाही. मी त्याला दोष दिला नाही. सांगून झाल्यावर त्याने चपला पायांत सरकवल्या.

"काका, त्याचा तो हात..." तो म्हणाला आणि थांबला.

माझा स्वभाव दुसऱ्याचे वाक्य तोडण्याचा आहे. पण मी थांबलो.

"वळ गेला का?" त्याने विचारले.