अक्कांच्या ताब्यातला पाय

आज जळगावच्या दवाखान्यात पायाला पट्टी बांधून आलेल्या एका शेतकऱ्याच्या कपड्यांना केळीच्या चिकाचा वास आला आणि मला चोपड्याचे नाना आठवले. शुगरमुळे त्यांचा पाय बधिर झाला होता, टाचेची जखम भरत नव्हती, तरी चिखलात चप्पल रुतते म्हणून ते बागेत अनवाणीच फिरत.

“दुखस नही, मंग कसानी जखम?” ते म्हणाले.

मी जखम साफ करत असताना नाना केळीच्या पाण्याबद्दल बोलत राहिले. शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोने, अक्कांनी, मात्र स्वतःचा पाय आखडून घेतला.

“यास्ले नही, माले दुखस,” त्या म्हणाल्या.

मी नानांचा पाय तिथंच अक्कांच्या ताब्यात दिला. अनवाणी पाऊल टाकू द्यायचं नाही, तळवा रोज बघायचा. जखम भरली.

आता अशा प्रत्येक रुग्णाची पट्टी सोडण्याआधीच मी विचारते, “घरी तुमचे तळवे कोण बघतं?”

आजच्या शेतकऱ्याने दाराकडे वळून बायकोला हाक मारली.