आजोबांची करंगळी

पेणला मामाच्या गणपतीच्या कारखान्यात माझं बालपण गेलं, त्यामुळे साच्यांतलं आपल्याला सगळं कळतं अशी माझी पक्की समजूत होती. तीच नडली.

लग्नानंतर रोह्याजवळ वरसेला राहायला आले आणि मेणाचा नाद लागला. मेण वितळवायचं, साच्यात ओतायचं, कडेने थर धरला की उरलेलं पातेल्यात परत. आत बल्ब लावला की पातळ जागा उजळतात, जाड जागा काळोख्या राहतात. मला बोटं उजळणारा एक हात करायचा होता. आशीर्वादाच्या हाताचा एक प्लास्टरचा साचा मामाकडे होता, आजोबांनी केलेला. त्यातली करंगळी जराशी बाहेर कललेली, ती आजोबांची खूण. मामा तो साचा कुणाला देत नसे. म्हणून मी विचारलंच नाही. पिशवीत घातला आणि एसटीत बसले.

शाडूच्या मातीला प्लास्टरचा साचा खडखडीत कोरडा लागतो. मी तो दोन दिवस उन्हात ठेवला, मोठ्या शहाणपणाने. मेणाचं नेमकं उलटं. साचा आधी पाण्यात भिजवावा लागतो. कोरड्या प्लास्टरने मेण पिऊन टाकलं, हात काही सुटेना. शेवटी मी हातोडी घेतली. हात वाचला, साच्याचे तुकडे झाले.

हंगाम सुरू झाल्यावर मामाने सगळा कारखाना उपसला. मग मला फोन.

"बाबांचा साचा तू बगितलास काय गो?"

"नाय," मी म्हटलं. इतक्या सहज, की आजही आठवलं की कान तापतात.

यंदा रोह्यात एका हॉलमध्ये माझं छोटंसं प्रदर्शन लागलं. तो हात तिथे ठेवू नये एवढी तरी अक्कल हवी होती. पण तोच सगळ्यांत चांगला झाला होता, आणि मला मिरवायचं होतं. मामाला कळवलं नव्हतं, तरी तो आला. उजळलेल्या हातासमोर उभाच राहिला.

"बाबांची करंगळी हाय ही," तो डोळे पुसत म्हणाला. "साचा गेला, पन तुझ्या ध्यानात कशी रायली गो? मी किती हात करून मोडले, मला नाय जमली."

तेव्हा तरी सांगायचं. शेजारी माणसं उभी होती.

"लहानपणी बघितलेली ना," मी म्हटलं.

मग तो ज्याला त्याला बोलावून दाखवू लागला, पोरीनं नुसत्या आठवणीवर केलाय म्हणून. निघताना मी वाकून नमस्कार केला. त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि मी तो ठेवू दिला.