पन्हा छत्तीस इंच

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. तरी तुम्हाला सांगतो.

मोजमाप हा माझा पेशा. मोजणी खात्यात होतो. अर्ध्या इंचाची चूकही कधी सोडली नाही. म्हणूनच सत्तरच्या दशकात आमच्या वस्तीतल्या मंडळानं चित्रप्रदर्शन भरवलं, तेव्हा चित्रं मोजून आत घेण्याचं काम माझ्याकडे आलं. नियम एकच — रुंदी छत्तीस इंचांहून जास्त नको.

वसंता आमच्या जुन्या, विणकरांच्या मोहल्ल्यातला चित्रकार; बाबा अजून तिथेच राहत. बाकीचे तेव्हा त्रिकोण आणि ठिपके काढत. हा जुन्या युरोपीय उस्तादांसारखी माणसं रंगवायचा — भोवती काळोख, एका खिडकीतून आलेला उजेड. त्यानं आणलेलं चित्र माझ्या बाबांचं होतं. हातमागावर वाकलेले, फाटकी बनियन, बरगड्यांवर उजेड. नाक हुबेहूब माझं.

हिवाळाभर दर रविवारी बाबा त्याच्यापुढे बसले होते. चित्राचं जाड कापडही त्यांनीच विणलं, हातानं मोजून चौकटीवर ताणून दिलं.

आणि कचेरीत मी काय सांगून ठेवलं होतं? वडिलांचा इतवारीच्या बाजारात कापडाचा व्यापार आहे! उद्घाटनाला माझे साहेब येणार होते.

मी टेप लावली. छत्तीस — बरोबर छत्तीस.

"अडतीस भरतंय," म्हणालो.

वसंता कसंनुसं हसला. "तुमच्या टेपशी कोन भांडंन, भाऊ?" चित्र सायकलला बांधून घेऊन गेला. घरी त्यानं पुन्हा मोजलं असेल का? विचारायची माझी छाती झाली नाही.

दुसऱ्या दिवशी, साहेब येऊन गेल्यावर, बाबा प्रदर्शन पाहायला आले. धुतलेलं धोतर, नवी टोपी. सगळ्या भिंती दोनदा पाहिल्या.

"काहून गा, माहं चित्र कुठी टांगलं?"

"मापात बसलं नाही. दोन इंच जास्त."

त्यांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं — कोपरापासून बोटांपर्यंत. आयुष्यभर त्याच हातानं पन्हा मोजलेला.

"असंन," म्हणाले. "माहाच हात चुकला असंन."

पुढे मरेपर्यंत ते मागावरून उतरलेलं प्रत्येक लुगडं दुसऱ्या कुणाकडून मोजून घेत. अजून टेप हातात घेतली की मला स्वतःची किळस येते — कारण एकदा ते माझ्याकडेच आले. लुगडं पुढे धरलं.

"पाह्य बरं गा, तुह्या टेपनं."

मी टेप लावली. माप बिनचूक होतं.

"बरोबर आहे," एवढंच म्हणालो.